मागच्या पडवीतली खोली

दोन भिंतींमधला कोपरा लिंपायचा तर एका दिवशी त्याची एकच बाजू करायची. दोन्ही बाजूंना ओला माल लावलात की एक बाजू सारखी करताना पट्टीचं टोक दुसरीत घुसतं. ती नीट करायला जावं तर पहिली खरवडली जाते, आणि माणूस संध्याकाळपर्यंत त्याच कोपऱ्याशी झोंबत बसतो. हे मला माझ्या नवऱ्याने शिकवलं. चांगलं शिकवलं, खोटं कशाला बोलू? त्याने शिकवलेलं काहीच वाया गेलेलं नाही.

मी नीरजा. माहेर रत्नागिरीत, मारुती मंदिराजवळ. बी.एस्सी. झाले, बी.एड. केलं आणि दोन हजार दोन साली लग्न होऊन मालगुंडला आले. सासरे आधीच गेलेले, त्यामुळे घरात माणसं दोनच, नवरा मुकुल आणि सासूबाई आनंदीबाई. थोडीफार कलमं, जांभ्याचं घर, पुढे अंगण, मागे पडवी. मुकुलने डिप्लोमा केलेला. गणपतीपुळ्याला तेव्हा एकामागून एक हॉटेलं उठत होती, तिथे एका कंत्राटदाराकडे तो साइट सांभाळायचा. दिसायला बरा, बोलायला त्याहून बरा. मी भांडायला उभी राहिले की हा म्हणणार, "तुझं बरोबर आहे." आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, सांगा.

आणि भांडायला तसं कारण एकच होतं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सासूबाई मला म्हणाल्या, "नीरजे, मागच्या पडवीत चटई टाकल्ये हो. चार दिवस तिथेच बस." मला वाटलं थट्टा करतायत. मी हसले. त्या हसल्या नाहीत. झूऑलॉजी शिकलेली मी, लाकडांच्या आणि सोललेल्या नारळांच्या ढिगाशेजारी चटईवर बसले. ताट लांबून सरकवायचं, पाण्याचा तांब्या वेगळा, कशाला शिवायचं नाही, आणि चौथ्या दिवशी न्हाऊन आत. पडवीला तीन बाजूंनी भिंत नाही, मागच्या पाणंदीतून येणारा-जाणारा प्रत्येक जण बघतोय. भाजीवाली सुद्धा विचारायची, "वैनी, बाहेरच्या का?" मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

वर्षभर मी ते केलं. रडत केलं, धुसफुसत केलं. मग एक दिवस मुकुलला स्पष्ट सांगितलं, मी आता बसणार नाही. बसायचंच असेल तर दर महिन्याला चार दिवस रत्नागिरीला आईकडे जाईन आणि एखाद्या महिन्यात परत येणार नाही. तो घाबरला असावा. म्हणाला, "तुझं बरोबर आहे. मी आईशी बोलतो."

आणि बोलला खरोखरच. पुढच्या महिन्यात चटई पडली नाही. सासूबाई त्या चार दिवसांत स्वयंपाकघर स्वतः बघायच्या, मला देवघराकडे फिरकू द्यायच्या नाहीत, पण पडवीत जा म्हणून एका शब्दाने म्हणाल्या नाहीत. मी न सांगता त्यांना दिवस कसे कळतात याचं थोडं नवल वाटायचं. म्हटलं, बायकांना कळतं. मी आईला फोन करून सांगितलं, मुकुलने सासूबाईंना पटवलं म्हणून. आई म्हणाली, "नशीब काढलंस हो पोरी." कॉलेजच्या मैत्रिणींना सांगितलं. त्यांतल्या एकीचा नवरा बँकेत मोठा साहेब होता, तिला तर मुद्दाम सांगितलं. माझा नवरा लाखात एक, हे मी स्वतःच्या तोंडाने गावभर सांगत फिरले.

शाळेत नोकरी मिळत नव्हती म्हणून मी दहावीच्या मुलांचं गणित आणि विज्ञान घ्यायला लागले होते. पुढच्या ओट्यावर. पाऊस आला की सगळे भिंतीला चिकटायचे, कुणी पाहुणा आला की वर्ग उठवायचा, आणि फळा टेकवायला जागा नाही. तरी पोरं वाढत होती, कारण पोरांना माझं कळत होतं. गणित न येणाऱ्या पोराला ते समजलं की त्याचा चेहरा कसा होतो, ते बघायला मी जगत होते म्हटलं तरी चालेल. मला एक खोली हवी होती. चार भिंती आणि एक फळा. बाकी कशाची हाव नव्हती.

दिवाळीत मुकुल म्हणाला, "मागची पडवी बंद करून तुला खोली करतो. साइटवर जिप्समचे बोर्ड उरलेत, साहेब म्हणतायत, घेऊन जा."

मी म्हटलं, "आई नाही म्हणतील."

"विचारून तर बघू."

विचारलं, तर सासूबाई लगेच म्हणाल्या, "कर हो. बरंच होईल." मला इतका आनंद झाला की मी वाकून त्यांच्या पाया पडले. ते आठवलं की अजूनही माझी मलाच चीड येते.

आमच्याकडे बोर्डाचं काम पावसात करून चालत नाही, हवाच ओली. दिवाळीनंतर हवा सुकली तशी साइटवरचा बाबल्या एकाला घेऊन आला आणि दोघांनी पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा ठोकून त्यावर बोर्ड स्क्रूने मारून दिले. दोन दिवसांत पडवीची खोली झाली. म्हणजे लांबून झाली. जवळून बघाल तर दोन बोर्डांमध्ये फट, स्क्रूची डोकी दिसतायत, आणि कोपऱ्यांतून उजेड येतोय. बाबल्याला साइटवर परत जायचं होतं. मुकुल म्हणाला, "खरं काम पुढेच आहे. ते आपण दोघं करू."

ते दिवस चांगले होते. हे पण सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं का लागलं ते कळणार नाही. मुकुल साइटवरून आला की चहा घेऊन आम्ही दोघं मागे जायचो, आणि रविवारी सकाळपासून. तो बादलीत पाणी घेऊन वर जोड भरायची पावडर सोडायचा आणि श्रीखंडाइतपत घट्ट होईपर्यंत घोटायचा. कोपऱ्यात आधी त्याचा पातळ थर. मग कागदाची टेप मध्ये दुमडून कोपऱ्यात बसवायची आणि पट्टीने वरून खाली ओढत आणायची, म्हणजे जादा माल बाजूने बाहेर येतो आणि हवा राहत नाही. हवा राहिली की तिथे फुगा येतो. सुकू द्यायचं. दुसऱ्या दिवशी एका बाजूला मालाचा हात, तिसऱ्या दिवशी दुसऱ्या. मग पॉलिश पेपरने घासायचं, तोंडाला ओढणी बांधून. बल्ब भिंतीला लावून तिरका धरला की उंचवटे दिसतात, ते परत घासायचे.

पहिले दोन कोपरे त्याने केले, मी बघितले. तिसरा मी केला, त्याने बघितला. चौथ्याला तो म्हणाला, "तूच कर, माझ्यापेक्षा तुझा हात बसलाय." दोघांचे केस पांढरे व्हायचे. सासूबाई म्हणायच्या, "गिरणीतनं आल्यासारखी दिसतायत दोघं." त्याही खूश होत्या. मधून मधून येऊन बघून जायच्या, इथे खुंटी ठोक, तिथे फळी मार, अशा सूचना द्यायच्या. खोलीच्या एका कोपऱ्यात मुकुलने छोटी मोरी करून नळ काढला. मी विचारलं, क्लासला मोरी कशाला? तो म्हणाला, "पोरं खडूचे हात धुतील." मला केवढं कौतुक वाटलं. म्हटलं, बघा, माझ्याही आधी माझ्या पोरांचा विचार करतो.

राहिलं होतं आतलं दार. पडवीतून माजघरात यायला जुनं दार होतं. मुकुल त्या दारात उभा राहून म्हणाला, "याचं काय करायचं? ठेवायचं? तू सांग."

मी विचार केला. पोरं वेळीअवेळी येणार, चपला, दप्तरं, आणि दार उघडलं की समोर स्वयंपाकघर. सासूबाईंचं सोवळं. रोजची कटकट. मी म्हटलं, "बंदच करून टाकू. बाहेरून एक दार आहे ना."

"नक्की? नंतर म्हणशील."

"नक्की."

"तू म्हणशील तसं," तो म्हणाला.

सासूबाई मागून बोलल्या, "दार बाहेरनंच बरं. शिकायला काय, सगळ्या वाड्यांतली पोरं येणार." त्याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता. मी फळा कुठे लावायचा ते बघत होते.

दाराची चौकट काढून त्या जागी बोर्ड बसवला. हा सगळ्यात अवघड जोड. एकीकडे जुनी जांभ्याची भिंत, गिलावा केलेली, दुसरीकडे बोर्ड. दोन्हींचं एकमेकांशी पटत नाही, चीर पडतेच. मी तिथे टेप लावली, वर रुंद हात मारला, सुकवला, परत मारला, परत. मुकुलने साइटवर जाताना येताना बघितलं, पण त्या जोडाला हात लावला नाही. तो सगळा माझा. रंग दिल्यावर मी त्याला म्हटलं, "डोळे मिटून हात फिरव आणि दार कुठे होतं ते सांग." त्याला सांगता आलं नाही. मला गगन ठेंगणं झालं.

संक्रांतीनंतर क्लास नव्या खोलीत सुरू झाला. दहावीची परीक्षा तोंडावर आलेली. पहिल्या दिवशी बौद्धवाडीतल्या सीताताई आपल्या मुलीला, स्नेहलला सोडायला आल्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, लहान वर्गांना शिकवतात, आणि मोजकं बोलतात. खोली बघून म्हणाल्या, "छान झालीय. आतून दार नाही ठेवलंत?"

"नाही हो," मी म्हटलं, "पोरांना बाहेरूनच सोयीचं."

"हं," म्हणाल्या आणि गेल्या.

पुढचा रविवार. दुपारी चारला जादा तास ठेवला होता, भूमिती. सकाळी उठले तेव्हाच पोटात दुखत होतं. मुकुल बाहेर मोटारसायकल पुसत होता. त्याला म्हटलं, "पाळी आलीय, पोट फार दुखतंय. नाक्यावरून ती गोळी आणशील?" हो म्हणाला, गेला. मी मागे खोलीत जाऊन फळ्यावर आकृत्या काढत बसले. मोटारसायकल परत आलेली ऐकली. गोळी घेऊन येईल म्हणून वाट बघत होते, तर बाहेरच्या दारात सासूबाई उभ्या. हातात चटई, तांब्या आणि वेगळं ताट. ताटात गोळीची पट्टी.

"घे गो," त्या म्हणाल्या आणि सगळं दाराच्या आत, जमिनीवर ठेवून मागे सरल्या. "आता हितेच बस हो चार दिवस. बघ कशी छान खोली झाल्ये तुझी. वारा नको, पाऊस नको, कुणाची नजर नको."

मला कळेनाच. "आई, तुम्हाला कोण म्हणालं मला आलीय म्हणून?"

"मुकुल म्हणाला. दर वेळी तोच सांगतो. मला काय स्वप्न पडतं होय?"

माझ्या हातात खडू होता. तो धरून मी उभी राहिले. त्या भोळेपणाने बोलत राहिल्या. माझा अपमान करायला आल्या नव्हत्या त्या, उलट मला बरं वाटावं म्हणून सांगत होत्या. "अगो, तू बसणार नाही म्हणालीस, तेव्हा मी त्याला म्हटलं, माझ्या घरात हे चालायचं नाही. तो म्हणाला, आई, थोडे दिवस तिला काही बोलू नकोस. उघड्या पडवीत तिला लाज वाटते. मी मागे खोली बांधतो, म्हणजे आपणहून बसेल. मी थांबले हो. तू शिवलेलं सगळं धुऊन घेत होते, पण बोलले नाही. मोरीचं मीच सुचवलं त्याला. पडवीत तुझे हाल व्हायचे ते मला काय दिसत नव्हते?"

म्हणजे मोरी पोरांचे हात धुवायला नव्हती. खुंटी चटईची होती. दर महिन्याला मी ज्याच्या कुशीत तोंड घालून दुखतंय म्हणून सांगायचे, तो उठून माजघरात जाऊन आईला वर्दी द्यायचा. आणि मी गावभर त्याचे गोडवे गात होते. मला शरम वाटली, आणि नंतर संताप आला.

"मुकुलला पाठवा," मी म्हटलं.

तो जेवणाच्या वेळी आला. दुसरं ताट घेऊन. वरण, भात, वालाची उसळ. ते त्याने उंबऱ्याच्या आत ठेवलं, आणि मी पुढे झाले तसा तो मागे सरला. याच खोलीत माझ्या केसांतली पावडर झटकणारा माणूस माझा हात लागेल म्हणून मागे सरला. त्याला त्याचं काही वाटलंही नसावं, सवयीने सरला.

मी म्हटलं, "तू मला फसवलंस."

"असं काय बोलतेस?" तो हळू आवाजात म्हणाला. "आईचं मन राहिलं, तुला खोली मिळाली. कुणाचं काय गेलं? महिन्यातले चार दिवस तर आहेत."

"चार वाजता माझा क्लास आहे."

"सुट्टी दे ना. दर महिन्याला चार दिवस सुट्टी, पोरांनाही बरं."

"आणि कारण काय सांगू? दहावीतल्या मुलांना? दर महिन्याला गावाने तारखा मोजायच्या माझ्या?"

तर म्हणतो कसा, "आतलं दार तर तूच बंद करायला सांगितलंस. मी दोनदा विचारलं होतं."

मला वाटलं, याला एक ठेवून द्यावी. खरंच वाटलं. त्याने विचारलं होतं, दोनदा विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा त्याला माझं उत्तर माहीत होतं. ते दार मी माझ्या हाताने बुजवलं, वर हात फिरवून फिरवून असं बुजवलं की त्यालाही सापडू नये. तो एका शब्दाने बोलला असता तर मी तो बोर्ड उखडून फेकला असता.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं," तो म्हणाला, "तर तू एवढ्या मनापासून काम केलं असतंस का?"

हे त्याने कुजकेपणाने म्हटलं नाही. अगदी सरळ म्हटलं, जसं कुणी विचारावं की पाऊस आला असता तर गवत वाळलं असतं का. त्याच्या लेखी तो हिशोबाने वागला होता, दोघींनाही सुखी ठेवलं होतं. सासूबाईंनी मला वर्षभर छळलं, पण तोंडावर छळलं. त्यांनी चटई टाकली तेव्हा ती चटई आहे असंच सांगितलं. हा मात्र माझ्याबरोबर भिंती घासत होता, माझ्याबरोबर हसत होता, आणि काय बांधतोय ते एकट्यालाच माहीत होतं. मी त्याला जा म्हटलं. ताटाला मी शिवले नाही.

चारला पोरं यायला लागली. मी खोलीत बसून ऐकत होते. अंगणातून वळून मागे यायची वाट, तिथे सासूबाई उभ्या राहिलेल्या. प्रत्येकाला सांगत होत्या, "आज क्लास नाही. तुमच्या बाई बाजूला आहेत. गुरुवारी या." मोठ्याने सांगत होत्या, त्यांना कधी हळू बोलता आलंच नाही. मुलगे माना खाली घालून वळले. मुली एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. तो सोमाजी म्हणून एक पोरगा होता, त्याला नुकतीच प्रमेयं जमायला लागली होती, तो विचारत होता, "पण उद्या तरी?" कुणीतरी त्याला ओढून नेलं. माझ्या डोळ्यांसमोर माझा क्लास घरी चालला होता आणि मी एका खोलीत बसले होते, जिला एकच दार होतं आणि त्या दारात उष्ट्या ताटासारखं न जेवलेलं ताट होतं.

मी बाहेर आले तेव्हा सीताताई आणि स्नेहल वाटेवर होत्या. सासूबाईंनी त्यांनाही तेच सांगितलं. सीताताईंनी ऐकून घेतलं, पण वळल्या नाहीत. सरळ चालत माझ्यापर्यंत आल्या. त्यांनी चटई बघितली, तांब्या बघितला, ताट बघितलं. मग खोलीच्या दाराकडे बघितलं.

"मला वाटलं होतं," त्या म्हणाल्या, "हे दार आमच्या पोरींसाठी बाहेरून ठेवलंय."

हो, तेही होतंच. सासूबाईंनी माझ्यासमोरच म्हटलं होतं, सगळ्या वाड्यांतली पोरं येणार म्हणून. सीताताईंना ते पहिल्या दिवशी दिसलं होतं, तरी त्यांनी मुलीला शिकायला पाठवलं, कारण परीक्षा जवळ होती. मी मात्र ते सोयीचं म्हणून सांगितलं होतं. आता त्याच दाराच्या आत मी होते. सीताताई टोमणा मारायला आल्या नव्हत्या. त्यांना खरंच नवल वाटलं होतं.

मी रडायला लागले. त्यांनी माझा दंड धरला, सगळ्यांदेखत. "चला," म्हणाल्या, "आमचा ओटा मोठा आहे. शाळेचा एक जुना फळाही आहे. पोरांना हाक मारते, लांब गेली नसतील."

मी खडूचा डबा आणि भूमितीचं पुस्तक घेतलं. अंगणातून निघाले तशा सासूबाई आडव्या आल्या. "नीरजे, कुठे निघालीस अशी? आणि त्यांच्याकडे?"

मी म्हटलं, "आई, माझं तुमच्याशी भांडण नाही. तुम्ही जे केलंत ते तोंडावर केलंत." त्यांना काही उमगलं नाही, पण त्या बाजूला झाल्या. शिवायला नको म्हणून झाल्या असतील.

मुकुल पुढच्या ओट्यावर आला. "नीरजा, लोक काय म्हणतील? एवढी खोली बांधून ठेवलीय, आणि तू..."

"खोली छान झालीय," मी म्हटलं. "चार दिवस तू बस तिच्यात."

त्या दिवशी सीताताईंच्या ओट्यावर तास झाला. तिघे जण आले नाहीत, त्यांच्या घरच्यांना बौद्धवाडीत पाठवायचं नव्हतं. बाकीचे आले. सीताताईंनी चहा केला, तो मी त्यांच्या चुलीपाशी बसून प्याले. परीक्षेपर्यंत क्लास तिथेच चालला, आणि अजूनही तिथेच चालतो. सोमाजी पास झाला. स्नेहल आता फार्मसी करतेय.

घरात त्यानंतर चटई पडली नाही. सासूबाईंनी माझ्याशी बरेच महिने अबोला धरला, मग सोडला. आमचं आता बरं चालतं. मागच्या खोलीत आंब्याच्या पेट्या ठेवतात. मुकुल दुसऱ्याच दिवशी "चुकलं माझं" म्हणाला. तो काहीही म्हणतो. मी घर सोडलं नाही, रत्नागिरीला गेले नाही. आईला काय सांगणार होते, मीच तर त्याचे पोवाडे गायले होते. आम्ही जेवायला एकत्र बसायचो, लग्नकार्याला एकत्र जायचो. बघणाऱ्याला काही दिसायचं नाही. एवढंच की मी त्याला सांगणं बंद केलं. डोकं दुखलं तरी नाही. ताप आला तर त्याने कपाळाला हात लावून ओळखावा, मी सांगायचे नाही. माझ्या अंगाचं काही एकदा त्याच्या कानावर घातलं की ते पुढे कुठे जातं ते मला ठाऊक होतं.

पुढे आमच्या मुलीच्या, उर्वीच्या वेळी दिवस राहिले ते मी आधी सीताताईंना सांगितलं, मग माझ्या आईला. मुकुलला सांगायचं रोज ठरवायचे. तो समोर येऊन बसायचा, साइटवरचं काहीबाही बोलायचा, आणि मला तोंड उघडवायचं नाही. असे तीन महिने गेले. शेवटी सासूबाईंनीच ओळखलं. मी पाणी भरत होते, त्या माझ्या चालण्याकडे बघत राहिल्या आणि माजघरात गेल्या. मुकुल तिथे वर्तमानपत्र वाचत होता.

तो बाहेर आला तेव्हा मला वाटलं, आता रागावेल. रागावला असता तर बरं झालं असतं, मीही चार शब्द ऐकवले असते. तो विहिरीपाशी आला आणि म्हणाला, "मी बाप होणार ते मला आईकडून कळावं?" आणि त्याचे डोळे भरून आले. लहान मुलासारखा उभा राहून रडायला लागला. मला त्याची कीव आली. जवळ जावं, त्याचा हात घेऊन पोटावर ठेवावा, असं फार वाटलं. कळशी भरली होती. मी ती कमरेवर घेतली आणि घरात गेले.